डोकंच तर दुखतंय

प्रिय टिल्लू,

अक्षर बघून दचकू नकोस. जाड काळ्या मार्करने लिहितेय, ओळीखाली पट्टी धरून, तरी ओळी वर चढत जातात. शाळेत तुझ्या वहीतल्या ओळी अशाच तिरक्या जायच्या तेव्हा मी म्हणायचे, टिल्लूची गाडी घाटाला लागली. आता माझी लागलीय. हसायचं तर इथेच हसून घे. पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही.

तुझे भाऊजी बरे आहेत. त्यांनी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी लावलीय, स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कोपऱ्यालाही. खुर्च्या भिंतीला सरकवल्यात. शेजारच्यांनी बोळात बादली ठेवली म्हणून परवा त्यांच्याशी चक्क भांडून आले. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा कप कधी उचलून ठेवला नाही, तो आता चहा आणून देतो आणि मोठ्याने सांगतो, "कप डाव्या हाताला ठेवलाय हं." मी वसकन अंगावर जाते, "दिसतंय मला!" पूर्वी ते लगेच उलट बोलायचे. आता गप्प बसतात, तेच जास्त लागतं.

फोनवर तुला मी एवढंच सांगितलं होतं की डोळ्याचं छोटंसं ऑपरेशन झालं आणि छान झालं. तू लांब, तिथे उगाच जिवाला घोर नको म्हणून. ते खरं नव्हतं. खरं काय ते आज सगळं सांगते, पहिल्यापासून, कारण तुला अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं तू तुझ्या सोयीने भरून घेतोस.

आमचा बाटल्यांचा कारखाना तू पाहिलायस. पांढऱ्याशुभ्र उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि आम्ही बायका स्टुलांवर बसून त्यात तडा, कचरा, बुडबुडा शोधायचो. तू पाच मिनिटं उभा राहिलास आणि म्हणालास, "ताई, बघूनच माझं डोकं गरगरलं." सगळ्यांचीच डोकी दुखायची रे तिथे. टोपी, एप्रन आणि डोकेदुखी असा आमचा गणवेशच होता म्हण. माझ्या शेजारी बसायची तिला आम्ही डॉक्टरीण म्हणायचो, कारण तिच्या एप्रनच्या खिशात कायम गोळ्यांची पाकिटं. चॉकलेट वाटावं तशी ती गोळी पुढे करायची, आणि वर निदानही करायची, "तुझं सायनस आहे बघ. माझ्या आत्याचं अगदी असंच होतं."

माझं दुखायचं ते उजव्या भुवईच्या वर. आतून कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं. कलत्या उन्हाच्या वेळी सुरू व्हायचं, मग मळमळ, मग अन्नाचा वासही नको. गोळी घ्यायची, अंधार करून पडायचं, सकाळी उठलं की सगळं लख्ख. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला मला लांबून बघूनच पाकीट काढून ठेवायचा. "नेहमीचीच ना, ताई?" आधी साधी पांढरी, मग जरा कडक, मग डॉक्टरणीच्या सांगण्यावरून ती सर्दी आणि डोकेदुखी दोन्हीवरची. मी दुकान बदललं नाही, पण गोळ्या बदलत गेले. आणि प्रत्येक गोळी लागू पडायची, टिल्लू. तिथेच सगळं फसलं. एकीनेही गुण आला नसता तर मी केव्हाच डॉक्टरकडे गेले असते. भाऊजी म्हणायचे, "एकदा दाखवून ये." मी म्हणायचे, "डोकंच तर दुखतंय. त्यासाठी कुणी रजा टाकतं का?"

आणि एक गंमत तेव्हा कुणाला सांगितली नाही, भाऊजींनाही नाही. डोकं दुखायला लागलं की घरी येताना रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची. आत निळसर, बाहेर तांबूस. फाटकाजवळच्या दिव्याखाली मी मुद्दाम थांबून बघत राहायचे. दिवसभर नुसता पांढरा उजेड बघून आलेल्या बाईला रस्त्यात इंद्रधनुष्य मिळतंय, तक्रार कशाची करायची?

मग माझ्या नजरेतून तडे गेलेल्या बाटल्या सुटायला लागल्या. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, लक्ष कुठे असतं तुमचं?" इतक्या वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. पुढे त्याने मला तिथून उठवून लेबलं लावायला बसवलं. उजवीकडून येणाऱ्या माणसांना मी धडकायचे. ओळखीच्या बायका उजवीकडून हसून जायच्या आणि मी बघायचेच नाही. ताईला फार शिष्टपणा आलाय, असं मागे बोलायला लागल्या. मला वाटलं, वय झालं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात बघू.

एके दुपारी घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. डाव्या डोळ्यात पापणीचा केस गेला, म्हणून बोटाने तो डोळा दाबून धरला. आणि घर नाहीसं झालं. कपडे, पलंग, खिडकी, काहीच नाही, नुसता राखाडी धूर. मी हाक मारली, "अहो, लाईट गेली का?" ते बाहेरून म्हणाले, "लावलीय कुठे? भर दुपारी लाईट कशाला लावू?" मी बोट काढलं, खोली परत आली. पुन्हा दाबलं, गेली. असं किती वेळा केलं कोण जाणे. ते दारात येऊन उभे राहिले आणि बघत राहिले.

डोळ्यांची डॉक्टर अगदी तरुण होती, तुझ्या बायकोच्या वयाची. तिने यंत्रातून बघितलं, दाब मोजला, आणि विचारलं, "दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसायची का?" मी म्हटलं, "हो, पण ती छान दिसायची." ती खुर्चीत मागे टेकली. मग समजेल असं सांगितलं. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं आणि त्याला बाहेर जायची वाट असते. काहींची ती वाट जन्मतःच अरुंद. ती तुंबली की आत दाब चढतो, भुवईवर कळ येते, वलयं दिसतात, आणि मागची शीर थोडी थोडी मरते. काचबिंदू म्हणतात त्याचाच हा एक प्रकार. मी कुठल्या गोळ्या घेत होते ते विचारलं. दुखणं थांबवणाऱ्या गोळीने दुखणं थांबत होतं, दाब नाही. सर्दीवरची जी होती ती तर असल्या डोळ्यांना धोक्याचीच, त्याने वाट आणखी बंद होते. म्हणजे माझं डोकं वर्षानुवर्षं बोंब मारत होतं आणि मी रोज पाण्याबरोबर त्याचं तोंड दाबत होते. मी विचारलं, आधी आले असते तर? ती कागद नीट करत म्हणाली, "तेव्हा लेझरने एक बारीकसं छिद्र पुरलं असतं. बसल्या बसल्या होतं ते."

उजवा डोळा गेला, टिल्लू. तो परत येणार नाही. ऑपरेशन झालं ते डाव्यात उरलेलं राखण्यासाठी, आणि उरलंय ते कागदाची सुरळी करून बघितल्यावर दिसावं तेवढं. आता लिहितेय त्यातला एका वेळी एकच शब्द मला दिसतो. मागच्या तपासणीला डॉक्टर बराच वेळ कागदाकडे बघत होती. मी म्हटलं, "सुरळी आणखी बारीक होतेय ना?" ती म्हणाली, "थेंब चुकवू नका." बस, एवढंच.

आई आठवते सारखी. कपाळाला घट्ट फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून पडायची, आपण दंगा केला की नुसता हात वर करायची. शेवटी शेवटी दाराच्या चौकटीला धडकायची आणि आपण दोघं हसायचो. "आई, दार तिथेच आहे गं, कालच्याच जागी!" तीही हसायची. मोतीबिंदू असेल म्हणून आपण सोडून दिलं. तुझ्या मागच्या फोननंतर डॉक्टरला हे सांगितलं तेव्हा तिने पेन उचललं आणि दुसराच प्रश्न विचारला. तो पुढे सांगते.

माझे दिवस कसे जातात ते ऐक. खिडकीशी बसते. रेडिओ लावते, बंद करते. भाऊजींचा चेहरा मला एकसंध दिसत नाही. आधी नाक, मग एक डोळा, मग हनुवटी, असे तुकडे जोडून मी नवरा तयार करते. कारखान्यातून डॉक्टरीण एकदा भेटायला आली होती. बिचारी दारातच रडायला लागली. मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही, बाई. ती गेल्यावर मात्र वाटलं, कुणाची तरी चूक असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या द्यायला तोंड तरी उघडलं असतं. उठावंसंच वाटत नाही. केस विंचरून कुणाला दाखवायचे? आणि रडले तर डोळ्यातले औषधाचे थेंब वाहून जातात, म्हणून रडायचीही चोरी. रोज सकाळी जाग आली की आधी डोळे मिटूनच पडून राहते. मिटलेले असतात तोवर सगळ्यांसारखेच असतात. उघडले की कळतं, काल होतं त्यातलं आज किती उरलंय.

तुझा मागचा फोन आला तेव्हा मी तुला सहज विचारलं, तू कसा आहेस. तू म्हणालास, "मी मजेत. जरा डोकं ठणकतं हल्ली, उजव्या बाजूला. क्रेनच्या केबिनमध्ये काचेतून ऊन येतं ना. गोळी घेतो आणि चढतो वर." आणि हसत हसत म्हणालास, "संध्याकाळी गोदीतले सगळे दिवे लागले ना ताई, की एकेका दिव्याला रंगीत बांगड्या घातल्यासारख्या दिसतात. वरून काय झकास दिसतं!" मी म्हटलं, आजच्या आज डोळे दाखव. तू म्हणालास, "तुझं झालं ना ऑपरेशन नीट? मग माझंही होईल वेळ आली की." मी मागे लागले तेव्हा तुझा आवाज बदलला. "डोळ्यांचं काही निघालं की माझ्या कार्डावर नोंद होणार. नोंद झाली की मला क्रेनवरून खाली उतरवणार. खाली मी कोण आहे, ताई? वर आहे तोवर माणूस आहे." आणि मग, "माझ्या बायकोला यातलं एक अक्षर कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला." मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते? तुझा रडवेला आवाज मला लहानपणापासून सहन होत नाही.

त्यानंतर तू फोन उचलत नाहीस. उचलते ती तुझी बायको, आणि किती सहज सांगते, "ते पडलेत हो ताई, डोकं दुखतंय म्हणाले, गोळी घेतलीय." सहजच सांगणार, तिला काय माहीत? मी फोन ठेवते आणि भिंत चाचपत खुर्चीपर्यंत जाते. डोळ्यांपुढे तू येतोस, एवढ्या उंचीवर काचेच्या केबिनमध्ये, खाली लोखंडाचं ओझं लोंबकळतंय, त्याच्याही खाली माणसं उभी आहेत, आणि तू दिव्यांच्या बांगड्या बघतोयस. डॉक्टरने पेन उचलून मला विचारलं होतं ते हे, "तुम्हाला सख्खी भावंडं किती?" मी म्हटलं, एकच. ती म्हणाली, "त्यांना लगेच तपासायला सांगा. हे घराण्यातून येतं, आणि भावंडांना तर धोका फारच."

तू हे वाचून पत्र फाडून टाकशील, मला माहीत आहे. पूर्वी प्रगतिपुस्तक बंबात घालायचास तसाच. म्हणून पाकिटावर तुझं नाव नाही. तिचं आहे. वर मायना तुझा असला तरी पाकीट तिने फोडलंय, आणि इथपर्यंत तिनेच आधी वाचलंय. भाऊजी म्हणत होते, मी लिहून देतो, पण त्यांनी ते गोड करून लिहिलं असतं. तिला माझं हे अक्षरच दिसायला हवं होतं. मुली, बघितलंस ना या ओळींकडे? मग आता त्याच्या रागाला घाबरू नकोस. त्याच्या खिशातल्या गोळ्या काढून घे, आणि उद्या सकाळी तो वर चढायच्या आत त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. ओरडेल. ओरडू दे. नोकरी जाईल, घरात भांडी आदळतील, तो माझं नाव टाकेल. टिल्लू, तुझी शपथ मी मोडली. तू जाशीलच असं मला अजूनही वाटत नाही, आणि गेलास तरी माझ्याशी पुन्हा बोलशील असंही वाटत नाही. आई गेल्यावर माझ्या माहेरचा म्हणून तू एकटाच उरलास, तोही मी आज माझ्या हाताने घालवला. चालेल. न बोलता राहा, पण बघत राहा.

तुला नको असले तरीही तुझीच,
ताई