पुसट पाऊल

ताई,

हाडाचा कॅन्सर झालेला कुत्रा आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात आला की मी आधी त्याला ओल्या पायांनी कागदावर चालवते. दुखरा पाय तो जपून टेकवतो, त्यामुळे ठसा पुसट उमटतो. हाच आजार वाढत्या वयाच्या मुलांनाही होतो, म्हणून कुत्र्यांना लागू पडलेलं औषध पुढे मुलांसाठी तपासतात. तू मात्र सगळ्यांना सांगतेस, "आमची धाकटी कुत्र्यांना चालायला शिकवते."

रविवारी तुझी ठमी आंघोळ करून बाहेर आली, तेव्हा फरशीवर तिचं उजवं पाऊल पुसट होतं. विचारलं तर म्हणाली, "मावशी, खेळताना मुरगळलाय. महिना झाला. आईला सांगू नकोस, मॅच बुडेल."

मी सांगितलं नाही. गेल्या वर्षी तिच्या मानेवरच्या गाठीवरून मी घर डोक्यावर घेतलं आणि निघाली साधी सूज. तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या पोरीत तुझे कुत्रे शोधू नकोस." ते मला इतकं लागलं, की त्या रागापायी मी तीन दिवस गप्प बसले.

कुत्र्याचं आणि मुलाचं हे दुखणं एकच, हे मी बारा वर्षं लोकांशी भांडून पटवते आहे. आज ते खोटं ठरलं तर बरं.

कदाचित मुरगळलाच असेल. पण पत्र पोचायला दोन दिवस लागतील आणि फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. म्हणून हे पर्समध्येच ठेवून मी स्वतः तुझ्याकडे निघते आहे. एक्स-रे होईपर्यंत हवं तेवढं भांड. फक्त आधी ठमीला चपला घालायला सांग.

तुझी धाकटी