सर लायोनेल खिसे चाचपतात

लंडन,
९ फेब्रुवारी १९६४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काम मिळालं. या वेळी भूमिका प्रेताची नाही, खानसाम्याची नाही, मशाल धरून मागे उभा राहणाऱ्या शिपायाचीही नाही. टेलिव्हिजनवर दर शनिवारी सरकारची टिंगल करणारा नवा कार्यक्रम सुरू होतोय, त्यात मी वाहतूकमंत्री. होय, आपलेच खासदार, सर लायोनेल ग्रीव्ह. निर्मात्याने विचारलं की यांना जवळून पाहिलेलं कुणी आहे का. मी सांगितलं की हे गृहस्थ हॉल्मबेकच्या शाळेत दर वर्षी बक्षीस समारंभाला यायचे आणि दर वर्षी मला नाव विचारायचे. काम तिथल्या तिथे मिळालं.

अडचण एवढीच की नक्कल करावी असं या माणसात काही नाही. केस, चष्मा, आवाज, सगळं सरकारी. म्हणून एक लकब मीच बनवली. प्रश्न विचारला की तो कोटाचे सगळे खिसे चाचपतो, जणू उत्तर आत्ताच कुठे तरी ठेवलं होतं. शेवटी रुमाल सापडतो आणि तेवढ्यावर त्याचं समाधान होतं. तालमीत कॅमेरावाले हसले. पगारी माणसं हसली म्हणजे आशा आहे.

निर्माता म्हणतो, हा कार्यक्रम सरकार पाडेल. आईला एवढ्यात सांगू नकोस, उगाच काळजी करेल. तिच्या पायाची जखम कशी आहे?

रागावशील तेव्हाही लोभ राहू दे.
तुझा,
ऑब्री


हॉल्मबेक,
१५ मार्च १९६४

चि. ऑब्रीस ताईचे अ. उ. आ.

काल मेटकाफांच्या घरी आळीतली सगळी माणसं टेलिव्हिजनपुढे बसली होती. मिसेस मेटकाफनी डुकराचं मांस भरून भाजलेली पाई केली होती. हसता हसता तिचा तुकडा मिस्टर मेटकाफांच्या घशात अडकला आणि त्यांना पाठीत गुद्दे घालावे लागले. मीसुद्धा हसले. हे लिहून देते आहे, जपून ठेव. आई मात्र हसली नाही. म्हणाली, बिचाऱ्या सर लायोनेलना घरी बघणारं कुणी नाही वाटतं, नाही तर खिशात काय कुठे आहे ते बायकोने सांगितलं नसतं का. तू वाळला आहेस असंही तिचं मत पडलं.

आता कामाचं. स्टेशनवर नोटीस लागली आहे: आपली रेल्वेलाइन बंद होणार. सर लायोनेलनी म्हणे स्वतःच्या मतदारसंघातली लाइन मुद्दाम यादीत घातली, पक्षपात केला असं कुणी म्हणू नये म्हणून. याच गाडीने मी थॉर्नबीला शाळेत शिकवायला जाते आणि याच गाडीने आई दर गुरुवारी पायावर इलाज करून घ्यायला इस्पितळात जाते. माळावरून रस्ता आहे, पण त्यावर बस नाही आणि हिवाळ्यात रस्ताही नसतो. आम्ही समिती काढली आहे. अध्यक्ष मी, कारण बाकीच्यांनी फक्त चहा मिळणार का एवढंच विचारलं.

तो माणूस दर शनिवारी तुझ्या हातात असतो. काही तरी कर.

आईचा आणि माझा जीव तुझ्यात आहे हे वेगळं लिहायला नको.
हेस्टर


लंडन,
२६ एप्रिल १९६४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केलं. पाहिलंच असशील. मंत्री स्टेशन बंद करण्याच्या उद्घाटनाला येतो, फीत कापायच्या ऐवजी बांधतो आणि स्वतः आतच अडकतो. बाहेर काढायला आता गाडीच यायला हवी, पण गाडी कुठली. एका वर्तमानपत्राने मला निर्दय म्हटलं, दुसऱ्याने अतिशय निर्दय. मी दोन्ही कात्रणं आरशाला लावली आहेत.

आतली बातमी अशी की सर लायोनेल दर शनिवारी जेवण लवकर उरकून बायकोसह हा कार्यक्रम बघतात. तळतळत असणार. तुझी लाइन वाचली असं समज.

आईला माझा नमस्कार; तुझी ओरड सुरू राहावी ही इच्छा.
ऑब्री


हॉल्मबेक,
५ जुलै १९६४

चि. ऑब्रीस ताईचे अ. उ. आ.

सर लायोनेल तळतळत नाहीत. शुक्रवारी ते इथे आले होते.

चर्चच्या सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. मी पहिल्या रांगेत होते. उठून विचारलं की आजारी माणसांनी थॉर्नबीच्या इस्पितळात कसं जायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि खिसे चाचपायला लागले. आधी आतला, मग बाहेरचे, मग पँटचे. शेवटी रुमाल काढला. तो त्यांनी सगळ्यांना दाखवलासुद्धा.

लोक बाकांवर हात आपटत होते. आमच्या समितीचे खजिनदार डोळे पुसत होते. हसणं थांबलं तेव्हा माझा प्रश्न काय होता हे कुणालाच आठवेना. मी पुन्हा विचारला, तर मागून कुणी तरी म्हणालं की बाई, जरा गंमत समजून घ्या.

तू म्हणाला होतास ना, नक्कल करण्यासारखं त्याच्यात काही नाही? आता आहे. आपल्या गावाने त्याला आजवर नुसतं मत दिलं होतं. आता त्याच्यावर माया करतं. आईने रांग लावून सही आणली. त्यावर लिहिलंय, ऑब्रीच्या मातोश्रींना, कृतज्ञतापूर्वक.

सप्टेंबरात लाइनची जाहीर सुनावणी आहे. शनिवारी तू काय करतोस ते मी आता बघणार नाही. रागावले नाही, दमले आहे.

काळजी घे.
हेस्टर


लंडन,
८ जुलै १९६४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुनावणीला मी येतो. चष्मा नाही, नक्कल नाही. आपल्या आईबद्दल बोलणारा मुलगा म्हणून उभा राहीन.

तोपर्यंत तरी नातं तोडू नकोस.
ऑब्री


हॉल्मबेक,
१८ ऑक्टोबर १९६४

चि. ऑब्री यास आईचे अनेक आशीर्वाद.

सुनावणीनंतर तू न जेवता गेलास. तुझ्यासाठी केलेला रूबार्बचा टार्ट मेटकाफांनी खाल्ला, चांगला झाला होता म्हणाले.

तू छान बोललास. मला सगळं ऐकू आलं, लोक हसत होते तरी. माझ्या आईला दुसरी गाडी नाही असं तू म्हणालास तेव्हा माझ्या शेजारच्या बाईने हसून माझाच हात घट्ट धरला. तू थांबलास, लोकांकडे पाहिलंस, तेव्हा तर ते आणखीच हसले. मला कळलं की तू खरं बोलतो आहेस, कारण लहानपणापासून तेव्हा तुझ्या खालच्या ओठाची कड आत दुमडते. मी हेस्टरला तसं म्हटलंही. ती म्हणाली, मलाही दिसलं. मग आम्ही दोघी घरी आलो. ती तुझ्यावर रागावलेली नाही. एवढं ऐकून तू शांत झोप.

मतदान झालं. सरकार पडलं, तुझे ते निर्माते म्हणत होते तसं. पण सर लायोनेल इथून पूर्वीपेक्षा जास्त मतांनी आले. मी त्यांनाच मत दिलं हे तुला सांगून टाकते. ते पडले असते तर तुला काम कुणी दिलं असतं? हेस्टरला हे कळवू नकोस. नव्या मंत्र्याने लाइनची फाइल बघितली आणि बंदच करायचं म्हटलं. हा मंत्री कसा दिसतो ते अजून कुणाला माहीत नाही.

गरम कपडे घालत जा. आईची आठवण येईल तेवढी येऊ दे.
तुझी,
आई


लंडन,
२४ जानेवारी १९६५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू थॉर्नबीत खोली घेऊन राहतेस आणि शनिवारी घरी जातेस, हे आईने कळवलं. गुरुवारी तिला मेटकाफ भाजीच्या गाडीत बसवून इस्पितळात नेतात, हेही कळवलं. भाजीबद्दल तिची तक्रार नाही, मेटकाफांच्या गाण्याबद्दल आहे.

आमचा कार्यक्रम संपला. पण नव्या मोठ्या कार्यक्रमात मला बोलावलंय: सर लायोनेल आणि मी, शेजारी शेजारी, दोघांनी एकाच वेळी तेच करायचं. ते तयार आहेत. त्यांनी स्वतः फोन करून मला लाडाने ऑब्री म्हटलं. नाव शेवटी लक्षात राहिलं. मी नाही म्हटलं. एजंट म्हणाला की मग इथे तुला दुसरं काम नाही. खरं आहे, मला आता पाव मागितला तरी दुकानदार हसतो.

यॉर्कच्या नाटक कंपनीत जागा आहे. लहान कामं, लहान पगार, आणि दिवसा मोकळीक. मी मोटार चालवायला शिकतोय. आईचा गुरुवार यापुढे माझा.

रस्त्यात भेटलीस तर बाजूला हो. लोभ मात्र सोडू नकोस.
ऑब्री


थॉर्नबी,
५ मार्च १९६७

चि. ऑब्रीस ताईचे अ. उ. आ.

काल आईला घेऊन यॉर्कला तुझं नाटक बघायला आले होते. तुला कळवलं नव्हतं. तू केलेला, मुलाला खाणीत गमावलेला तो बाप जेवणाच्या टेबलावर बसून राहतो, त्या प्रवेशात मी लोकांकडे बघत होते. सवयच लागली आहे. कुणी हसलं नाही. कुणी खोकलंही नाही. मध्यंतरात आईने विचारलं की हा म्हातारा कोण, फार चांगलं काम करतो. मी तुझं नाव सांगितलं. तिने कार्यक्रमपत्रिका डोळ्यांजवळ धरून वाचली. मग म्हणाली, मग लंडनला एवढी वर्षं काय करत होता हा?

दुसरी गोष्ट. पुढच्या महिन्यात कौंटी कौन्सिलची निवडणूक आहे आणि मी उभी आहे. मागणी एकच: माळावरून बस. सभांना येऊ नकोस. मतदानाच्या दिवशी मोटार घेऊन ये, म्हाताऱ्यांना केंद्रावर ने-आण करायची आहे. गाडीत तू एक अक्षर बोलायचं नाहीस.

कालच्या कामाबद्दल तोंडावर मला काही बोलता येणार नाही, म्हणून इथेच शाबास.
हेस्टर


यॉर्क,
१६ एप्रिल १९६७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू रात्री मोजणीत अडकलीस, मला प्रयोगाला परतायचं होतं, म्हणून निकाल मेटकाफांकडून फोनवर ऐकला. पाठीमागे मिसेस मेटकाफ रडत होत्या, तेव्हा आधी वाटलं पडलीस. अभिनंदन, कौन्सिलरबाई.

दिवसभर तोंड मिटून गाडी चालवली, एकदा सोडून. दुपारी वरच्या शेतावरचे मिस्टर हेब्डन काठी घेऊन मागे बसले होते. अर्ध्या वाटेत पुढे वाकून त्यांनी विचारलं की टेलिव्हिजनवरचा तो तूच का रे. मी म्हटलं, नाही, मी उमेदवाराचा भाऊ. ते म्हणाले, असं होय, मग जरा हळू चालव, तिला माझं मत हवंय.

मी हळू चालवली.

तुझा,
ऑब्री