कापूस उचलणारा हात

४ नोव्हेंबर १९६३, अमडापूर
आज रुजू झालो. मालक पंजाबरावांनी आपल्या कापसाच्या जिनिंगला लागूनच पत्र्याच्या शेडात नवा कारखाना काढला आहे. इंजिनिअर मी एकटाच. रेच्यात, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, आपोआप कापूस टाकणारा लोखंडी हात बनवायचा आहे. राहायला शेडामागची खोली, जेवायला गरम भाकरी आणि झणझणीत ठेचा. मजेत आहे.

१२ नोव्हेंबर
मंजुळाबाई चौदा वर्षं रेच्यावर कापूस टाकतात. त्यांचं मनगट किती वळतं, बोटं किती उघडतात, सगळं मोजून घेतलं. यंत्र आल्यावर आपलं काम जाईल का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणालो.

२ डिसेंबर
हात तयार झाला, पण थांबवायची कळ आपोआप पडते आणि तो मध्येच अडतो. उद्या पंजाबरावांचे पाहुणे बघायला येणार. कळ सुतळीने घट्ट बांधून टाकली.

३ डिसेंबर
पाहुण्यांसमोर कापूस अडकला. मंजुळाबाईंनी तो सोडवायला हात घातला. लोखंडी हाताने त्यांचा हात कापसासकट रेच्यात लोटला. मी कळीकडे धावलो. गाठ सुटेना.
दवाखान्यात नेताना वाटेतच गेल्या.

६ डिसेंबर
चौकशीत सांगितलं, चूक बाईंची. सुतळी मी आधीच जाळली होती. बाहेर त्यांचे यजमान उकंडराव बसले होते.
"सायेब, तिचाच हात चुकला का?"
हो म्हणालो.
"चवदा वर्सात तं कधी चुकला नाई," एवढंच बोलून ते उठले.

१० डिसेंबर
भर दुपार. इंजिन बंद, पट्टा उतरवलेला. तरी हात हलला. वर गेला आणि डोक्यावरचा पदर सारखा करावा तसा वळला. असं वळण मी त्याला दिलेलंच नाही—

१२ डिसेंबर
बोल्ट काढून हात सुटा केला. टेबलावर ठेवला. जेवून आलो तर बोटं टेबलावर काहीतरी चाचपत होती.

१४ डिसेंबर
हात उद्या परत रेच्यावर बसवायचा आहे. बाईंच्या जागी त्यांची सून पुष्पाबाई उभी राहणार. नको म्हणायला हवं होतं. कारण विचारलं असतं म्हणून—

१५ डिसेंबर, सकाळ
पंजाबरावांना चिठ्ठी लिहायला बसलो. टेबलावरच्या लोखंडी हाताने माझं मनगट धरलं आहे. दुखेल असं नाही. 'बाईंनी स्वतःहून' एवढं लिहिलं की आवळतो. ते खोडलं की सैल—
पलीकडे इंजिन सुरू झालं. पुष्पाबाई आल्या असतील.
लिहितो. त्यांचा हात चुकला नव्हता. कळ बांधलेली होती. बांधली ती—
आवळतो आहे—
बांधली ती मी