इंजिनाचं काही जमलं नाही, मामा

आदरणीय बवानाहेरी मामांना लामू बंदराहून भाचा शेकुए याचा वाकून सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? दुकान, मांजर आणि समोरची ती भांडखोर बाई, सगळी आपापल्या जागी सुखरूप असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. मामी तर जरा जास्तच खुशाल आहे, आणि घोटाळा झालाय तो तिथेच.

मामा, मोम्बासाच्या धक्क्यावर मला बाजूला घेऊन तुम्ही म्हणालात, की 'नुसुरा' जहाज मामीच्या बापाचं, तिच्या होकाराशिवाय त्यात इंजिन बसायचं नाही. तेव्हा या खेपेला ती येतेच आहे तर तिला शिडाच्या प्रवासाचा असा वीट आण, की लामूला पाय ठेवताच ती 'बसवा बाई ते इंजिन' म्हणेल. आणि इंजिन बसलं की इंजिनवाला मी. (निळी टोपीपण कबूल केली होतीत, विसरला नसाल.) मी जिवाचं रान केलं हो मामा. तिची चटई मुद्दाम तिथे टाकली जिथे आम्ही तळातलं पाणी उपसतो, म्हणजे तिथे भरलेल्या सुक्या मोरी माशाच्या वासाने तिचं डोकं उठावं. तर ती उपसणाऱ्यांच्या गाण्याला ताल धरून बसली, वर त्यांना एक कडवंपण शिकवलं (ते मी इथे लिहू शकत नाही, ते लग्नाघरी फक्त बायकांत म्हणतात). जहाजाच्या मागच्या टोकाला समुद्रावर लटकणारी ती संडासाची पेटी दाखवली, वाटलं आता तरी रडेल. बाहेर येऊन म्हणाली, "अख्ख्या मोम्बासात एवढी हवेशीर जागा नाही." नारळाच्या दुधातला भात मी जाळला, तर खरवड तिलाच आवडते म्हणे.

मग मी आजारी पडलो. म्हटलं, एक माणूस कमी झाला की शिडाच्या जहाजाची काय त्रेधा उडते ते तिला दिसेल. साखरेच्या पोत्यांवर आडवा होऊन मस्त कण्हत होतो. (मामीने कडुलिंबाचा काढा पाजला. तो प्यायलो. तुमच्यासाठी मी काय काय केलंय, बघा.) आणि नेमकं तेव्हाच, लामूच्या तोंडाशी, शेला गावासमोर, वारा फिरला. तिथे डावीकडे खडक, उजवीकडे वाळू, आणि शीड या बाजूचं त्या बाजूला न्यायचं म्हणजे काय असतं, तुम्ही दुकानात बसून विसरला असाल. शीड बांधलेला तो लांबलचक वासा डोलकाठीला उभा लावायचा, अख्खं शीड डोक्यावर फडफडत असताना पुढून पलीकडे फिरवायचं, आणि शिडाच्या टोकाचा दोर धरून एकाने पुढच्या टोकाला, नाळेला वळसा घालत धावायचं. तो धावणारा मी. नाखवा फमाऊ सुकाणूवरून ओरडला, "शेकुए मेला का रे?" मी म्हटलं, मरतोय. "मग दोर काय तुझा बाप धरणार?"

"बाप कशाला, मामी आहे ना," म्हणत मामीने बुरखा कमरेला खोचला आणि धावली! मामा, शपथेवर सांगतो, त्या दोराने एका झटक्यात तिला अर्धी उचललीच होती, पण सोडला नाही. पलीकडे पोचली, खांबाला वेढा मारला, मागे रेलली आणि नाखव्याला म्हणते, "आता काय करू, की सगळं मीच ठरवू?" शिडाने छाती भरून वारा घेतला. नुसुरा अशी काही कलली, अशी काही सळसळत खडकाला हात लागेल इतक्या जवळून गेली, की मी पोत्यांवर उभा राहून बोंबललो, "वा रे माझी राणी!" (म्हणजे जहाजाला. मामीलाही थोडं.) तेव्हा सगळ्यांनी वळून माझा ताप बघितला.

धक्क्यावर मी हळूच इंजिनाचा विषय काढला. मामी म्हणाली, "लग्न झाल्यापासून एक इंजिन माझ्या शेजारी रात्रभर घरघरतंय. ते पुरे." आणि खरं सांगू? मीच मान डोलावली. त्या कलण्यात जे आहे ते कुठल्या टोपीत नाही.

तुमचा आज्ञाधारक,
शेकुए

ता. क. इंजिनाला विसार दिला असेल तर परत मागा.

ता. क. पुन्हा : मामी इतक्यात येत नाही. पुढल्या खेपा ती करणार आहे. तुमचं जेवण तुम्ही बघा.

ता. क. शेवटचा, आणि पत्र खरं यासाठीच : माझी दोराची जागा नाखव्याने तिला दिली आणि मला चुलीपुढे बसवलंय. म्हणतो, "एका दोराला दोन माणसं कशाला?" मला तिथे करमत नाही हो मामा. ती घरी गेल्याशिवाय माझी जागा मोकळी होत नाही. तेव्हा तुम्ही जरा आजारी पडा आणि निरोप धाडा. पण खरे पडा. खोटं तिला आता लगेच कळतं.