माझ्या पार्किंगमधल्या बाटल्या

५ जानेवारी, सोमवार
मथुराबाईंच्या तळहाताला सात टाके! कुणीतरी फुटलेला ग्लास ओल्या कचऱ्यात तसाच टाकला होता. चौदा वर्षं त्या आमचा कचरा दारातून नेतात, त्यातला सुका माल विकून घर चालवतात. विचारलं, काच वेगळी का मागत नाही? म्हणाल्या, "दिली तरी ठिवू कुठं ताई? भंगारवाला पुठ्ठा घेतो, पत्रा घेतो. काच म्हनलं की नको म्हनतो." दोन महिन्यांपासून त्याने काच बंद केलीय — जड, फुटकी, भाव नाही. म्हणून लोकांनी ती भाजीच्या देठांत लपवायची. शाब्बास!

६ जानेवारी
खाली नोटीस लावली. 'काच कचऱ्यात टाकू नये. शालनताईंच्या पार्किंगमध्ये आणून ठेवावी. गाडी नाही, जागा आहे.'

११ जानेवारी, रविवार
सहा पोती झाली. बरण्या, औषधाच्या बाटल्या. ज्या घरात म्हणे कुणी पीत नाही, तिथल्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून येतात.

अध्यक्ष सर्जेराव आले. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी, म्हणून आवाज अजून बांधावरचा. "ताई, ही सोसायटी हाय का दारूचं दुकान?" म्हटलं, लेखी द्या. तीस वर्षं सरकारी टेबलावर काढलीत, कागदाला मी भीत नाही.

१९ जानेवारी
लेखी आलं. आठ दिवसांत पोती उचला. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवलं.

वाघोलीच्या एका जुनी काच वितळवणाऱ्या कारखान्याला फोन केला. "ट्रक भरला तरच येऊ, मॅडम." एवढी काच बिबवेवाडीत मी कुठून आणू? पण हलणार नाही. पोतीही हलणार नाहीत.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर लोक जिलबी खात होते तेव्हाच विषय काढला. मथुराबाई नको नको म्हणत होत्या, तरी त्यांना हात सगळ्यांसमोर धरायला लावला. जिलब्या थांबल्या. वाईट वाटलं, पण दुसरा मार्ग नव्हता.

सर्जेराव शेवटी नरमले. त्यांच्या माहितीतला एक ठेकेदार आहे. "काचबी नेतोय, सगळंच नेतोय." संध्याकाळी करार आला. सचिव म्हणून सही माझी. काच नेणार ही ओळ दोनदा वाचली, सही ठोकली. जिंकले!

१ फेब्रुवारी, रविवार
ठेकेदाराची गाडी आली. सगळी पोती गेली. कुणी काही म्हणा, आज मला झोप छान लागणार.

२ फेब्रुवारी
साडेसात वाजून गेले, बेल वाजली नाही. खाली गेले. वॉचमन पोपटने मथुराबाईंना फाटकातूनच परत पाठवलं होतं. करारातलं नववं कलम — इमारतीतला सगळा कचरा, सुका धरून, फक्त ठेकेदाराचा. दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही.

काही बोलल्या का त्या, मी विचारलं.

"म्हणाल्या, ताईंनी सही केली म्हंजे बरोबरच असंल."