डावीकडे दोन बोटं कमी

दारव्हा
२२ मे

प्रिय लालसिंग,

पत्रावरचं नाव पाहून आधी एक शिवी हासडशील. हासड. दोन वर्षं झाली, तू माझा फोन उचलत नाहीस. राजूरला कोळशाच्या ट्रकवर आहेस एवढंच कानावर आलं होतं. पत्ता तुझ्या बहिणीनं दिला. जमनीनं मला घरातसुद्धा घेतलं नाही, दारातूनच म्हणाली, "घ्या पत्ता, पण तो पत्र फाडून टाकन." फाड बाबा, पण शेवटपर्यंत वाचून फाड. आणि मी शाळेतली मराठी लिहितो म्हणून हसू नकोस. आपल्या बोलीत लिहायला घेतलं की मला रडू येतं, अन् मग अक्षर लागत नाही.

आपली जीप मी पुन्हा बाहेर काढली. आपलीच म्हणतो, कागद माझ्या नावावर असले तरी स्टिअरिंग तुझं होतं. रपट्यावर बुडाली त्या दिवसापासून ती गोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती. नाल्यावर पूल अजून झालेला नाही, तोच पाण्याखाली जाणारा बुटका रपटा आहे, आणि पाणी आलं की माझं पलीकडचं शेत तुटून पडतं. म्हटलं, गाडी उंच करून घेऊ. खरं सांगू? गाडी ठेंगणी होती म्हणून बुडाली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. "टाक गाडी, होते पार" असं मीच तुझ्या बाजूला बसून म्हणालो होतो, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

पुण्याहून तयार सामान मागवायचं तर जीपच विकावी लागली असती. मग उकंडा मिस्त्रीला गाठलं. अजून तसाच काडीपैलवान, तसाच तोंडाळ. त्यानं भंगारातल्या जीपच्या स्प्रिंगच्या कमानी आणल्या, आपल्या प्रत्येक कमानीत एकेक पट्टा जादा घातला, कमानी टांगायचे शॅकल लांब करून वेल्डिंगनं बसवले, जुन्या पिकअपचे शॉकअप लावले, ब्रेकची नळी लांब केली. पुढून ठोकळे घालून अजून थोडी उचलू म्हटलं तर माझ्यावर खेकसला, "मराचं हाये काय तुमाले?" चार दिवसांत गाडी चांगली चार बोटं उठली. अरे, काय रुबाब दिसत होता! तू असतास तर हॉर्न वाजवत अख्खा बाजार फिरवला असतास.

मग उकंडानं चाक आणि मडगार्डच्या मध्ये हात घालून मोजलं. तिन्हीकडे सारखं, मागं डावीकडे दोन बोटं कमी. भंगाराचा माल, होतं असं. त्यानं कमानी डाव्याच्या उजवीकडे केल्या. तरी डावीकडेच कमी. शॅकल तपासले, चाकं बदलली, हवा पाहिली. जमीन वाकडी असेल म्हणून कापसाच्या जिनिंगच्या सिमेंटच्या अंगणात नेऊन उभी केली. रिकामी गाडी, आणि डावीकडे दोन बोटं कमी. तिकडे आणखी एक पट्टा घातला. सकाळी गाडी उठली, दुपारपर्यंत होती तेवढीच पुन्हा बसली. उकंडा शिव्या द्यायचा थांबला, तेव्हाच मला भीती वाटायला लागली.

मोजल्यापासून तिसऱ्या दिवशी भर उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तो मागं चढला आणि उजवीकडच्या बाकावर जाऊन बसला. गाडी सपाट झाली, लालसिंग. मी स्वतः बोटं घालून पाहिली, चारी बाजू सारख्या. तो उतरला की डावीकडे झुकायची, बसला की सरळ. मग त्यानं समोरच्या रिकाम्या बाकावर हात टेकला आणि झटकन मागं घेतला. रेक्झिन ओलं होतं. मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत! खाली उतरून त्यानं हात पँटला पुसले आणि अगदी हळू विचारलं, "नयनभाऊ, कोणाले उतरवाचं राह्यलं काय?"

राह्यलं होतं ना! तुला सगळं ठाऊकच आहे, पण एकदा माझ्या हातानं लिहू दे. त्या बाजाराच्या दिवशी रपट्यात गाडी बंद पडली, सवाऱ्या एकमेकांचे हात धरून काठाला लागल्या, आणि तू मोजून म्हणालास, एक बाई कमी आहे. मी सगळ्यांसमोर म्हणालो, बाई नव्हतीच, याला भ्रम झाला. परवान्यापेक्षा जास्त माणसं कोंबली होती, गाडी माझ्या नावावर, मी घाबरलो. ती कुणाच्याच ओळखीची नव्हती, बाकीच्यांनीही माना हलवल्या. लोक तुला येडा म्हणायला लागले, तू चालवणार म्हटलं की गाडीत कुणी बसेना, आणि तू गाव सोडलंस. लालसिंग, तिला मीच बसवलं होतं. स्टँडवर, सगळ्यात शेवटी, मागं डाव्या कोपऱ्यात, "जरा सरका, मावशीले बसू द्या" म्हणून. धामणटेकच्या फाट्यावर उतरवा, असं तिनं मला सांगितलं होतं. दोन वर्षं ते नाव मी गिळून बसलो आहे.

परवा सकाळी मी एकटाच जीप घेऊन त्या फाट्यावर गेलो. थांबलो. मागची कमान कर्रकन वाजली, कुणी उतरताना वाजते तशी. देवाशपथ सांगतो, आरशात पाहायची हिंमत झाली नाही. गाडी तिथंच सोडून पायी गावात शिरलो आणि विचारत विचारत तिच्या घरी पोचलो. मैनाबाई तिचं नाव. घरात भांडण करून, आदिलाबादला मुलीकडे जाते म्हणून निघाली होती. तिकडे पोचलीच नाही. लेकानं आदिलाबादपर्यंत शोधलं, तिकडच्या पोलिसांत तक्रार दिली. दारव्ह्याहून ती माघारी फिरली असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी सगळं सांगितलं. वाटलं, कुऱ्हाड घेऊन अंगावर येईल. तो उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "म्हंजे माय घरी वापस येऊन राह्यली होती?" तीनदा विचारलं त्यानं. तीनदा मी हो म्हणालो.

उद्या मी ठाण्यात जबाब द्यायला जातो आहे, जे व्हायचं ते होवो. पण पत्र त्यासाठी नाही, आणि माफी मागायला तर मला तोंडच नाही. तिच्या लेकाला नाल्याला पाणी यायच्या आत ती जागा पाहायची आहे. आईसाठी तिथं भाताचा घास ठेवायचा आहे. काल मी त्याला रपट्यावर नेलं आणि मला काही दाखवता येईना. मी काठावर पाठ फिरवून उभा होतो. पाण्यात दोनदा उतरलास तो तू. दुसऱ्यांदा वर आलास तेव्हा ओरडत होतास की तिचा हात माझ्या हातात आला होता, सुटला. बाभळीची मुळी असेल, असं मी लोकांना सांगितलं. ती मुळी नव्हती, लालसिंग. तो हात कुठं सुटला हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. माझं तोंड पाहू नकोस वाटलं तर, पण ये, आणि तिच्या लेकाला ती जागा दाखव.

तू मान किंवा मानू नकोस, तुझाच
नयन