बाबांची तिसरी डिस्क

प्रिय केयूर,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्या बाबांच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून ते माझ्या शेजारून हलत नाहीत. आवाज गेला, कान मात्र पूर्वीपेक्षा तिखट झालेत. आत्ता ते कुंड्यांना पाणी घालतायत, तेवढ्यात भराभर टाइप करतेय. चुका पोटात घाल.

तू बसवून दिलेल्या कॉम्प्युटरच्या स्टोरेजच्या डब्यात मी हात घातला. खंडेनवमीला शिवणयंत्र, मिक्सर, स्कूटर, सगळ्यांना कुंकू लागलं, मग याच्या पोटातल्या डिस्कनीच काय पाप केलंय? तिन्ही बाहेर ओढल्या, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि परत सरकवल्या. क्रम चुकला असेल. पण तूच म्हणाला होतास ना, मशीन खण बघत नाही, प्रत्येक डिस्कचा स्वतःचा नंबर असतो, त्यावरून ओळखून ते तिला तिच्या फोल्डरशी जोडतं? दोन जोडल्या गेल्या. तिसरी, बाबांची, नाही. फोल्डर आहे, आत काहीच नाही.

तुझ्या नि वैदेहीच्या बाळासाठी त्यांनी आवाज होता तोवर बोलून ठेवलेलं सगळं त्याच डिस्कवर आहे. इंदापूरच्या शाळेतल्या गमती, उजनीचं पाणी ओसरल्यावर वर येणारं पळसदेवचं देऊळ. दुसरी प्रत कुठेच नाही.

भिगवण रोडवरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या रावजीकडे नेली. त्याचा कॉम्प्युटर म्हणाला, आधी फॉरमॅट करा. आणि हा शहाणा म्हणतो, “काकू, मारू का फॉरमॅट? लगेच दिसंल बघा, हितं रोजचंच हाय.” फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं जाणार, हिसकावलीच त्याच्या हातातून! पण कॉम्प्युटरनं विचारलं म्हणजे डिस्क जिवंत आहे ना? की नाही? कुंकू जोडणीत अडकलंय का? कापसानं पुसू? परत सरकवली आणि मशीननं काही विचारलं, तर हो म्हणू की नको? भाजी रोज करपतेय, बाबा नुसते बघतात. त्यांना कळलं तर पाटीवर ‘असू दे’ लिहितील, आणि ते मला सोसणार नाही.

खरं सांगू? बाळाला गोष्टी तुम्ही दोघंही सांगाल. मला हवंय ते शेवटच्या रेकॉर्डिंगच्या टोकाला आहे. बंद करायचं विसरून त्यांनी मला हाक मारलीय, “मंदा, अगं किती वेळ?” अशी वैतागून. मी स्वयंपाकघरात होते, ऐकूनही गप्प राहिले. मला त्या हाकेला एकदा ओ द्यायचीय रे. लवकर ये.

तुझीच,
आई